शेकोटी आणि सेक्रेटरी

मी माझ्या सख्ख्या आईला लेखी नोटीस बजावलेली आहे, आणि तिच्या सहीची पोच माझ्या फायलीत आहे.

हे वाचून माझ्याबद्दल तुमचं काय मत होईल ते मला ठाऊक आहे. माझ्या बायकोचंही तेच झालं. पण मी सांगलीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, आणि नियम म्हटला की मला घरचं-परकं दिसत नाही. (सविता म्हणते, मला काहीच दिसत नाही. पण तो वेगळा विषय आहे.)

आमची सोसायटी म्हणजे चार मजले, सोळा बिऱ्हाडं आणि आवारात एक मोठा बोर्ड. बोर्डावर बावीस नियम आहेत आणि त्यातले एकोणीस माझ्या हातचे आहेत. क्रिकेट बंद, कारण तळमजल्यावरची काच फुटली. सायकल बंद, कारण कुणाच्या तरी नव्या मोटारीला ओरखडा आला. पेरूच्या झाडावर चढणं बंद, जिन्यात पळणं बंद, पार्किंगमध्ये लपाछपी बंद. घसरगुंडीचा एक स्क्रू ढिला झाला तेव्हा मी तिला दोरी गुंडाळली आणि 'वापरास बंद' अशी पाटी लावली. त्याला तीन वर्षं झाली. स्क्रू आवळायचा राहून गेला, पाटी मात्र मी दर दिवाळीला नव्यानं रंगवतो.

परिणाम असा की आमच्या सोसायटीतली मुलं संध्याकाळी बाकावर ओळीनं बसून असतात, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी. वर्षभरात एकाचाही गुडघा फुटला नाही. वार्षिक सभेत मी हे उभं राहून सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. मुलांनी वाजवल्या नाहीत, पण मुलांना सभेत मत नसतं.

अशा या शिस्तीच्या राज्यात गेल्या डिसेंबरात माझी आई आली.

आई जतकडची. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. माझे वडील गेले, धाकट्या भावानं थोडी शेती धरली, पण आईचा जीव अजून मेंढरांच्या मागं. माळावरचं वारं या वयात सोसवायचं नाही म्हणून मी तिला थंडीपुरती सांगलीला आणली. तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली, ब्लँकेट दिलं, टीव्ही दाखवला.

दोन दिवस ती खोलीत बसली. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून खाली गेली.

साडेसहाला मला धुराचा वास आला. गॅलरीतून वाकून बघतो तर आवाराच्या मधोमध शेकोटी. पेरूच्या वाळक्या फांद्या, नारळाची सुकी झावळी, आणि (मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं) माझ्या जुन्या परिपत्रकांचा गठ्ठा. भोवती आई आणि सोसायटीतली सगळी पोरं. नाताळची सुट्टी होती, एरवी नऊला न उठणारी मुलं स्वेटर उलटे घालून खाली पोचली होती. माझी आठ वर्षांची तनू त्यांत सर्वांत पुढं. आई राखेत शेंगा भाजत होती आणि मेंढरू लांडग्याच्या तोंडातून कसं सोडवायचं ते सांगत होती.

बाकावर एकही मूल नव्हतं. हे दृश्य मी चार वर्षांत बघितलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. आमचे चेअरमन, निवृत्त सुभेदार. सगळे त्यांना सुभेदारसाहेबच म्हणतात. "सेक्रेटरी," ते म्हणाले, "आवारात फायर आहे. रूल नंबर नऊ. कोण आहे ती बाई?"

"माझी आई आहे, साहेब."

मग म्हणाले, "मग नोटीस तुम्हीच द्या. मला ते बरं वाटायचं नाही."

मी त्या संध्याकाळी नोटीस टाइप केली, शिक्का मारला आणि जेवणं झाल्यावर आईच्या हातात दिली. सविता ताट उचलता उचलता थांबली. मग ती भांडी जरा जास्तच आवाज करत घासायला लागली.

आईला अक्षरओळख सहीपुरती. तिनं कागद तनूकडं दिला. "वाच गं, बाबानं काय लिवलंय."

तनू खणखणीत आवाजात वाचू लागली, "श्रीमती हौसाबाई यांस. आपण आज सकाळी इमारतीच्या आवारात विनापरवाना जाळ केल्याचे निदर्शनास आले आहे."

"निदर्शनास म्हंजी?"

"म्हणजे बाबांना दिसलं."

"मग दिसलं तर खाली यायचं की रं," आई मला म्हणाली. "शेंगा हुत्या."

"तरी आपण याबाबत तात्काळ खुलासा करावा," तनूनं पुढं वाचलं.

"खुलासा म्हंजी?"

"का केलंस ते सांगायचं, आजी."

आईनं माझ्याकडं बघितलं. चेष्टा करतोय की काय, असं तिला वाटलं असावं. मग शांतपणे म्हणाली, "थंडी हुती."

तो खुलासा मी फायलीला लावला. 'खुलासा : थंडी होती.' खाली तिची सही. 'हौ' काढायला तिला बराच वेळ लागला, 'सा' पटकन झाला.

"उद्यापास्नं न्हाई पेटवत," ती म्हणाली. "तुझ्या नोकरीवर यायला नगं."

ही नोकरी नाही, बिनपगारी काम आहे, हे मला त्या क्षणी सांगवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुराचा वास आला नाही. मी समाधानानं चहा घेतला आणि सवयीनं गॅलरीतून वाकलो.

सगळे खालीच होते. तोच गोल, तीच मुलं, मध्ये तशाच रचलेल्या काटक्या. फक्त काटक्या पेटलेल्या नव्हत्या. बारा-तेरा मुलं न पेटलेल्या शेकोटीकडं हात पसरून बसली होती. अधूनमधून हात चोळत होती. आई काटकीनं नसलेले निखारे सारत होती.

"आजी, धूर माझ्याकडंच येतोय," एकानं डोळे चोळत तक्रार केली.

"मग हिकडं सरक," आई म्हणाली. तो सरकलासुद्धा.

मी चहा ठेवला आणि खाली गेलो. सुभेदारसाहेब मफलर गुंडाळून आधीच जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

"हे काय चाललंय, सेक्रेटरी?"

"जाळ केलेला नाही, साहेब."

"ते दिसतंय मला. मग ह्याच्यावर रूल कोणता?"

मी मनातल्या मनात बावीसही नियम वरून खाली आणि खालून वर म्हणून बघितले. जाळ न करण्याविरुद्ध एकही नव्हता.

सुभेदारसाहेब बराच वेळ त्या पोरांकडं बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "बर्फात चौकीवर असताना आम्ही असंच शेगडीभोवती बसायचो. पण गड्या, शेगडी पेटलेली असायची."

माझं लक्ष मात्र दुसरीकडंच होतं. आईच्या शेजारी चिऊ बसली होती, तळमजल्यावरची, चार वर्षांची. आई उजव्या हातानं काटक्या सारत होती, आणि डाव्या हातात तिनं चिऊच्या फ्रॉकचा घेर घट्ट मुठीत धरला होता. जाळ नव्हता. ठिणगी उडायची शक्यता नव्हती. तरी मूठ आवळलेली.

माझ्या डाव्या पायाची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली आहेत. मी तेवढाच होतो, चार वर्षांचा. मेंढरं बसवलेल्या रानात शेकोटी होती, एक कोकरू भरकटलं, आई त्याच्यामागं धावली आणि मी जाळाकडं. मला त्यातलं काही आठवत नाही. पण आगीची भीती अंगात राहिली, आणि माझे निम्मे नियम त्या दोन बोटांनी लिहिलेत असं सविता म्हणते. याबद्दल आई आणि मी कधी बोललो नव्हतो. मला वाटायचं, ती विसरली असेल.

त्याच दिवशी मी कमिटीची तातडीची बैठक बोलावली आणि शेकोटीला परवानगी मागितली. कमिटीनं ती दिली. तिथं मी थांबलो असतो तर ही हकीगत इथंच संपली असती. पण मी म्हणालो, "फक्त अटी मी लिहितो."

रविवारी सकाळी नियमानुसार शेकोटी झाली. जाळ जमिनीवर नाही, लोखंडी घमेल्यात. दोन बादल्या वाळू, दोन बादल्या पाणी. पालकांची लेखी संमती. मुलांना जाळापासून पंधरा फुटांवर दोरीबाहेर बसवायचं. आणि जबाबदार व्यक्ती म्हणून मी, हातात लिफ्टशेजारच्या भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं. ते कसं चालवायचं याचा व्हिडिओ मी आदल्या दिवशी दोनदा बघितला होता.

मधे घमेलं एकटंच पेटलेलं. जवळ फक्त मी आणि सुभेदारसाहेब, आम्ही दोघंही घामाघूम. आणि लांब दोरीपलीकडं पोरं कुडकुडत बसलेली.

"आजी, काहीच ऊब लागत नाही," तनू म्हणाली.

"ह्याला शेकणं म्हणत न्हाईत, बाय," आई म्हणाली. "ह्याला दर्शन म्हणत्यात."

मग ती उठली. पलूसकडून येणाऱ्या भाजीवाल्याकडून तिनं हरभऱ्याची पेंढी आणवली होती, घाटे भाजायला. दोरीखालून वाकून ती आत आली आणि मला काही कळायच्या आत पेंढी घमेल्यावर ठेवली.

आता हरभऱ्याचा पाला पेटला की एकदम भडकतो. तडतडतो, कमरेएवढा जाळ होतो आणि क्षणात खाली बसतो. हे आईला माहीत होतं. तिथल्या बहुतेक सगळ्यांना माहीत होतं. मलाही लहानपणापासून माहीत होतं. पण त्या वेळी मला फक्त जाळ दिसला, जाळाजवळ आई दिसली, आणि मी पिन ओढली.

व्हिडिओत एक गोष्ट सांगितली होती, की आधी नळीचं तोंड घट्ट धरावं. मी नळकांडं घट्ट धरलं होतं.

नळी सुटलेल्या वासरासारखी उधळली. पहिला फवारा सुभेदारसाहेबांच्या मफलरवर, दुसरा माझ्या तोंडात, तिसरा घमेल्यात, आणि उरलेलं सगळं आईवर. सगळीकडं पांढरा धुरळा. हरभरा गेला, जाळ गेला, खुर्चीवर ठेवलेला आठ कप चहा गेला. धुरळा खाली बसला तेव्हा आम्ही तिघं पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे उभे होतो.

मुलांना मात्र काहीही झालं नाही. पंधरा फुटांच्या नियमानं त्यांचं पूर्ण रक्षण केलं. माझ्यापासून.

मग दोरीपलीकडून चिऊचा आवाज आला, "आजी, काकांना अजून एकदा करायला सांग ना."

आणि मग जे हसू सुटलं ते सुभेदारसाहेबांपासून सुटलं. पोरं लोळायला लागली. सविता गॅलरीत तोंडाला पदर लावून बसली. मला डोळे उघडता येत नव्हते, म्हणून मी हसलो की नाही ते सांगता येत नाही.

आईनं माझा दंड धरून मला बागेच्या नळावर नेलं. शेहेचाळीस वर्षांच्या सेक्रेटरीला तिनं सगळ्यांसमोर वाकायला लावलं आणि डोळ्यांवर पाण्याचे हबके मारले.

"डोळं मीट. दाबून नगं मिटू. हां." पदरानं तोंड पुसता पुसता ती हळूच म्हणाली, "मी भाजंन म्हणून केलंस व्हय रं?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी मी बघितलं, आई," मी म्हणालो. "जाळ नसतानाही तू त्या पोरीचा फ्रॉक धरला होतास."

ती थांबली. मग माझा कान पुसत म्हणाली, "एकदा सुटला हुता हात. तवापास्नं न्हाई सोडत."

एवढंच. मग दुसरा कान पुसला. मला वाटतं, बेचाळीस वर्षांत आम्ही दोघांनी जे बोलायचं टाळलं होतं ते त्या नळावर एका वाक्यात उरकलं. वर तिनं मला नाक शिंकरायलाही लावलं.

पुढच्या बैठकीत दोरी गेली. मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं, एवढी एकच अट राहिली. घसरगुंडीचा स्क्रू सुभेदारसाहेबांनी स्वतः आवळला. त्याला चार मिनिटं लागली. दोन आठवडे रोज सकाळी शेकोटी झाली. एका मुलाचा गुडघा फुटला, आईनं त्यावर हळद दाबली, आणि तो मुलगा चार दिवस तो गुडघा सगळ्यांना दाखवत फिरला.

संक्रांत झाल्यावर आई गावी परत गेली. जाताना पोरांनी तिला गेटपर्यंत सोडलं आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. आता शेकोटी कोण करणार? मी म्हणालो, मी करतो. मी मेंढपाळाचा मुलगा आहे.

तेव्हापासून शेकोटी माझ्याकडं आहे. सहाला मी काटक्या रचतो, मग वारा कुठून आहे ते बघतो, मग त्या पुन्हा रचतो. मुलं भोवती बसून 'काका, खालून फुंका' असं सांगत राहतात. अर्ध्या तासानं बारीक धूर निघतो. आजवर कुणाला साधा चटकाही बसलेला नाही, कारण ती पेटेपर्यंत चांगलं कडक ऊन पडतं आणि मुलं खेळायला निघून जातात.