चंद्री आरशापुढं थांबली

अनुजा इंटिरियर डिझाईन शिकते म्हणजे नेमकं काय करते, हे कागलच्या तिच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. तिची आई सोनूबाई शेजारणींना सांगायची, "घराच्या आतलं इंजिनेर हाय ती," आणि विषय बदलायची.

पहिल्या वर्षी अनुजानं पुठ्ठ्याचं एक अख्खं घर केलं होतं. काडेपेटीएवढा ओटा, बोटाएवढा सोफा, खिडकीला आईच्या जुन्या साडीचा पडदा. कागलहून कोल्हापूरला कॉलेजात नेताना एसटीत गर्दी उसळली आणि एका पावण्यानं बाजाराची पिशवी नेमकी तिच्या मांडीवरच्या घरावर टेकवली. स्वयंपाकघर भुईसपाट झालं. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं तसा तो माणूस ओशाळून म्हणाला, "रडू नगंस पोरी. घरच हाय, परत बांधता येतंय की."

आज तिचं स्वतःचं ऑफिस आहे, हाताखाली दोघं-तिघं आहेत, पण फेविकॉलचा वास आला की तिला अजून ती एसटी आठवते. आणि एसटीच्या पाठोपाठ हमखास आठवतो तो गंगावेशीजवळचा बोळ.

शेवटच्या वर्षी ती राजारामपुरीत तेजस्वी मॅडमच्या ऑफिसात इंटर्न होती. सुरुवातीचे महिने टाईल्सचे नमुने पुसण्यात आणि मॅडमचा चहा गार होताना बघण्यात गेले. मग एकदाचं स्वतःचं म्हणावं असं काम हाती आलं. विश्वजित नावाच्या एका मुलाचं लग्न ठरलं होतं. घर गंगावेशीजवळ, पिढीजात गवळ्याचं. पुढची खोली आणि दारापासून आत जाणारा लांबट बोळ नवा करायचा होता. मॅडम म्हणाल्या, "बोळ तुझा. मला विचारू नकोस."

अनुजाला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं.

ती माप घ्यायला गेली तेव्हा घर शांत होतं. कामाच्या धुरळ्यात नको म्हणून विश्वजितनं म्हशी बावड्याला पाहुण्यांच्या गोठ्यात हलवल्या होत्या, आणि म्हशी जिथं तिथं त्याचे वडील ज्ञानू आण्णा, त्यामुळं तेही तिकडंच मुक्कामाला. घरात फक्त विश्वजितची आई होती, तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची. बोळ शेवटी डावीकडं वळत होता, तिथं रिकामी शेड दिसली. "ते जुनं हाय, सोडा," विश्वजित म्हणाला, आणि अनुजानं सोडलं.

शहाणी पोर. गवळ्याचं घर, मागं शेड, आणि म्हशी आत जातात कुठून, हा प्रश्न काही तिच्या डोक्यात शिरला नाही. तिला दिसला तो अंधारा, वाया गेलेला बोळ. तिनं त्याला चकचकीत फरशी दिली. एका बाजूला चपलांचं देखणं कपाट दिलं. आणि वळणावरच्या भिंतीवर जमिनीपासून माणसाच्या डोक्यापर्यंत आरसा लावला, म्हणजे बोळ लांबरुंद वाटावा. वाटायला लागलाही. मॅडमनी मान डोलावली. आक्कांनी मात्र कपाटावरून हात फिरवत विचारलं होतं, "हे असंच ऱ्हाणार व्हय?"

"हो आक्का, कायमचं," अनुजा अभिमानानं म्हणाली.

दिवाळीच्या पाडव्याला मॅडमना आणि तिला फराळाचं बोलावणं आलं. कोल्हापूरचा पाडवा म्हणजे म्हशींचा सण. शिंगं रंगवलेल्या, कवड्यांच्या माळा घातलेल्या, डोक्यावर मोरपीस खोवलेल्या म्हशी गाडीमागं पळत गल्लीत आल्या. पुढं चंद्री, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. आण्णांनी तिला उंबऱ्याशी आणलं, आक्कांनी ओवाळलं, आणि आण्णा नेहमीसारखे आत चालू लागले.

अनुजाच्या हातातली करंजी हातातच राहिली. म्हशी पुढच्या दारानंच आत जात होत्या. त्या घरात दुसरी वाटच नव्हती.

चंद्रीनं एक पाय फरशीवर टाकला, तो सरकला. तिनं दुसरा जपून टाकला. पोट कपाटाला घासलं. मग तिनं मान वर केली आणि समोरून एक रंगवलेल्या शिंगांची म्हैस तिच्याकडं बघताना तिला दिसली. चंद्री जागच्या जागी थांबली. मागच्या म्हशी थांबल्या. गल्लीही थांबली, आणि मग हसायला लागली.

"बघा आण्णा," विश्वजित म्हणाला, "आता घरातनं म्हस न्हेता येत न्हाय. बावड्याला ऱ्हाऊ देत, न्हायतर विकून टाकूया."

तो हे फारच सहज म्हणाला. अनुजाला तेव्हा कळलं, की त्याला बोळ नवा करायचा नव्हता, म्हशी घराबाहेर काढायच्या होत्या, आणि बापाला ते तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून तिचा आरसा पुढं केला होता. तिला संताप आला. त्याचा आणि स्वतःचाही.

आण्णा ओरडले नाहीत. चंद्रीच्या मानेवर हात ठेवून त्यांनी अनुजालाच विचारलं, "पोरी, माप तू घेतलंयस. तूच सांग. म्हस मावती का न्हाय ह्यात?"

म्हशी गेल्या तर या माणसानं सकाळी उठून करायचं काय, हे त्यांच्या त्या हाताकडं बघून कुणालाही कळलं असतं. पण काम विश्वजितनं दिलं होतं, मॅडम शेजारीच उभ्या होत्या, आणि अनुजाचं आयुष्यातलं पहिलं काम समोर लखलखत होतं. कॉलेजात दाखवायला तिनं त्याचे फोटोसुद्धा काढून ठेवले होते.

"म्हैस मावते, आण्णा," ती म्हणाली. "कपाट मावत नाही."

विश्वजितचं तोंड उतरलं. मॅडमनी फराळाची ताटली खाली ठेवली, पदर खोचला आणि आरशाची एक बाजू धरली. दुसरी अनुजानं धरली. आक्कांनी फरशीवर पोती अंथरली. शेजारच्यांनी कपाट ओढून काढलं आणि चंद्री डुलत आपल्या घरात गेली. दिवाळी उलटल्यावर तिथं खडबडीत दगडी फरशी बसली. विश्वजित लग्नापर्यंत अनुजाशी बोलला नाही.

याला बरीच वर्षं झाली. परवा त्याचा फोन आला. आण्णा वारले होते. आक्कांचे गुडघे गेले म्हणून शेवटची म्हैसही गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडं पाठवली होती. आता मागं लेकीसाठी खोली करायची होती.

अनुजा गेली. बोळात तीच दगडी फरशी, आणि भिंतीला म्हशींची पाठ घासून घासून गुळगुळीत झालेला पट्टा. आता विश्वजित परत आरसा मागणार, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"मागं काय करायचं ते करा," विश्वजित म्हणाला. "बोळाला हात लावू नगा."

"का?"

त्यानं त्या गुळगुळीत पट्ट्यावर हात ठेवला. "सांजचं घरात शिरलो की अजून भिंतीला लागूनच चालतोय मी. म्हशींची यायची येळ असती."

तेवढ्यात आक्का चहाचं ताट घेऊन गुडघे सांभाळत बोळातून आल्या. विश्वजित झटकन भिंतीला टेकला. समोरच्या भिंतीला अनुजाही टेकली. मधली सगळी वाट मोकळी.

आक्का थबकल्या. एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं.

"एवढी वाट कशाला सोडलायसा?" त्या म्हणाल्या. "मी काय चंद्री हाय व्हय?"

आणि हसता हसता त्यांच्या हातातल्या कपबश्या वाजायला लागल्या, म्हणून अनुजानं पुढं होऊन ताट धरलं.