बत्तीस ठोके

पास्कू मास्तर शिंपीकाम करून पोट भरायचा, पण हिंगोलीच्या छावणीत त्याला कुणी शिंपी म्हटलं नाही. तो बाजावाला. साहेबांच्या पलटणीबरोबर गोव्याच्या पोर्तुगीज हद्दीतून आठ ख्रिस्ती वाजंत्री इथं आले होते, त्यांतला तो सगळ्यात लहान. पुढं पलटण गेली, साहेब गेले, बंगल्यांची दारंखिडक्याही लोकांनी काढून नेली. हे आठजण मात्र राहिले. एक लहानसं चर्च होतं, त्याच्यामागं कबरस्तान होतं, आणि परत जावं तर गावाकडं वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

सणाला ते चर्चपुढं वाजवत. औंढ्याकडं एखाद्या देशमुखाची वरात असली की निळे डगले घालून बैलगाडीत बसत. पण त्यांचं खरं वाजवणं मयताचं. बाजातला माणूस गेला की उरलेल्यांनी एक ठरलेली चाल वाजवून त्याला निरोप द्यायचा. कबरीपाशी रांगेत त्याची जागा मोकळी सोडायची, आणि चालीतला त्याचा वाटा कुणी वाजवायचा नाही. तेवढे ठोके मनात मोजून गप्प उभं राहायचं. ही त्यांच्या बापजाद्यांची रीत. बायकांना बाजा नव्हता. त्यांच्यासाठी चर्चची घंटा.

सन बत्तीसला क्लॅरिनेटवाला गेला आणि चालीला पहिलं भोक पडलं. मग ढोलवाला गेला, मग आणखी एकजण. चाल चाळणीसारखी होत गेली. पंचेचाळीसला दोघंच उरले. छोट्या तुतारीसारख्या कॉर्नेटवर पास्कू आणि मोठ्या भोंग्यावर मिंगेल. इब्राहीम कल्हईवाला त्यांच्या वाद्यांचे पोचे काढून द्यायचा. तो एकदा म्हणाला, "मास्तर, असंच चाललं तर शेवटी तुमचा बाजा वाजवायला कुणीच लागायचं न्हाई." मिंगेल खो खो हसला. पास्कू हसला नाही.

पास्कूची बायको कोन्सू. चाळीस वर्षं तिनं बाजाची पितळी वाद्यं चिंच-राखेनं घासली होती, डगल्यांची बटणं लावली होती. दळताना ती गुणगुणायची. ते कधी क्लॅरिनेटचं असायचं, कधी भोंग्याचं. आठहीजणांचे वाटे तिला पाठ होते. कसे, ते तिला कुणी विचारलं नाही, पास्कूनंही नाही.

शेहेचाळीसच्या थंडीत मिंगेल गेला. त्या चालीची सुरुवातच भोंग्याची. बत्तीस ठोके तो एकटा वाजतो, मग कॉर्नेटनं यायचं. पास्कू कबरीपाशी सात जागा मोकळ्या सोडून एकटा उभा राहिला आणि पायानं ठोके मोजू लागला. जमलेल्यांना वाटलं, म्हातारा विसरला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात बायकांमधून हलका, खर्जातला आवाज आला. कोन्सू भोंग्याचा वाटा गुणगुणत होती. एक ठोका इकडचा तिकडं होत नव्हता.

पास्कूचा पाय थांबला. त्यानं कॉर्नेट काखेत घातलं. मिंगेल चालीवाचून मातीत गेला. अशी नामुष्की त्या बाजावर कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोलला. "मेलेल्याची जागा कुणी भरतं का?"

"लोक हसून राहिले होते तुमाला."

"हसू दे की."

कोन्सूनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "मी गेल्यावर माझी कोन्ती जागा मोकळी ठेवाल तुमी?"

पास्कू उठून शिवणाच्या मशीनवर जाऊन बसला. त्या दिवसापासून ती गुणगुणायची थांबली. दळताना जात्याची घरघर तेवढी ऐकू यायची. मशीन चालवता चालवता पास्कूचा पाय अडायचा. एकदा तरी ती काही म्हणेल म्हणून तो कान देऊन बसायचा. म्हण, असं मात्र तोंडातून निघालं नाही. सातजण त्याच्यामागं एवढी एक रीतच ठेवून गेले होते. ती मोडली तर कबरीपाशी इतक्या वेळा गप्प उभं राहिलो ते कशासाठी, हे त्याला सुटत नव्हतं.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात रझाकारांची धामधूम होती, गाड्यांचा भरवसा नव्हता. कोन्सूला तापानं धरलं. चौथ्या दिवशी पास्कू तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "कोन्सू, तुझ्यासाठी बाजा वाजवीन मी."

"तुमच्या रीतीत बसतं का ते?"

तो खोटं बोलू शकला असता. "न्हाई बसत," तो म्हणाला.

"मंग राहू द्या." तिनं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

जालन्याहून पाद्री येऊ शकला नाही. इब्राहीम आला, छावणीतली चारजणं आली. पास्कू निळा डगला घालून, कॉर्नेट घेऊन निघाला. बाईमाणसाला बाजा नसतो हे इब्राहीमला ठाऊक होतं; त्यानं डगल्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

तिला खाली उतरवलं. पास्कू नेहमीच्या जागी उभा राहिला. मग एक पाऊल बाजूला सरकला आणि डाव्या हाताला आणखी एका माणसापुरती जागा सोडली. त्याचा पाय जमिनीवर पडू लागला. एक, दोन, तीन. बत्तीस झाले की कॉर्नेट ओठाला लावायचं. मिंगेलची वेळ सोडली तर उभ्या जन्मात त्याचा तो ठोका चुकला नव्हता.

बत्तीस झाले. कॉर्नेट खालीच राहिलं. पाय चालूच होता.

भुरभुर सुरू झाली. वर काढलेली माती ओली व्हायला लागली. लोक एकमेकांकडं बघू लागले, पण या वेळी हसलं कुणी नाही. शेवटी इब्राहीम फावडं घेऊन जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, माती लोटायची का?"

"थांब," पास्कू म्हणाला. "तिचा वाटा चालू हाय."

इब्राहीमनं फावडं खाली ठेवलं. तो पाय आपणहून थांबेपर्यंत सगळे पावसात उभे राहिले.