बिनपॉलिशच्या तांदळाची भाकरी

वडिलांना मधुमेह असल्याचं कळलं, तेव्हा काल्हेर गावातली आमची दोन शेतं गोदामांसाठी गेली होती. उरलेल्या एकात घरापुरता भात पिकायचा. डॉक्टरांनी पांढरा तांदूळ कमी करून पालेभाज्या वाढवायला सांगितलं. गोदामात कामाला असलेल्या भावाने ओट्सची पाकिटं आणली. कुठल्यातरी लांबच्या कारखान्यातून ती ट्रकने यायची आणि आमच्याच जुन्या शेतावर उतरायची. वडिलांनी दोन दिवस खाल्ली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ही लापशी म्हशीला घाला."

मग मी घरचाच भात पॉलिश न करता आणायचं ठरवलं. गिरणीवाल्याला सांगितलं, नुसतं टरफल काढ, कोंडा राहू दे. आईने तांदूळ बघून नाक मुरडलं. आमच्याकडे बाईचा हात तांदळाच्या भाकरीवरून ओळखतात. ती पांढरी, पातळ हवी आणि टम्म फुगायला हवी. कोंड्यासकट दळलेल्या पिठाची भाकरी तांबूस होते, कडेला तडकते. तरी आमच्या ताटात पांढरीच यायची; पीठ बारीक दळलं की रंग उतरतो, असं आई सांगायची.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. साखर उतरली नव्हती. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळीही असंच राहिलं तर इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करावं लागेल, असं त्यांनी सांगितलं.

त्याच आठवड्यात मी गिरणीवर गेलो. गिरणीवाला हसत म्हणाला, "तू नेतोस तो तांदूळ तुझी आय पॉलिशला परत आनते. बोलली, पोराला सांगू नको."

घरी येऊन आईला विचारलं.

"मंग काय करू?" ती उसळली. "नवऱ्याच्या ताटात फाटकी भाकरी वाढू? शेजारीन बोलंल, हिच्या हाताला काय चव न्हाय राहिली."

वडील ओटीवरून ऐकत होते. "मला सुई टोचायला शेजारीन येनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी ते ताट घेऊन ओटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असे बसले. ताटात तांबूस भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. शेजारीण थांबलीच. "काय हो, आज भाकरी अशी?"

"मीच करायला लावली," वडील म्हणाले. "पॉलिशची बंद केली."

त्यानंतर आईने गिरणीची दुसरी फेरी सोडली. पुढच्या तपासणीत साखर थोडी उतरली होती. इंजेक्शन टळलं, गोळी राहिली. उकड जास्त वेळ मळली की भाकरी कमी तडकते, हे आईने तोवर शोधून काढलं होतं. वडिलांना ताटात एकच भाकरी मिळायची. आणखी अर्ध्या भाकरीवरून दोघांचा वाद रोज व्हायचा.