रेडिएटरचं गोडं पाणी

दुष्काळात शर्यतीची गाडी बांधायची म्हणजे अकलेचं दिवाळंच. पण मी बांधली. उदगीरला माझं लहानसं गॅरेज होतं. प्यायला पाणी न्हाई, तिथं गाडी दुरुस्त कोण करून घेतंय? टपरीवर सगळे म्हणायचे, "उदगीर जिल्हा होऊ दे, मग बघ तुझं गॅरेज!" घरी बाबा म्हणायचे, जिल्हा झाला की मोठा दवाखाना होईल. त्यांना किडनीचा आजार होता, दर वेळी लातूर गाठावं लागायचं. जिल्हा काही होईना. मला पुण्याला निघून जायचं होतं. शर्यतीच्या गाड्या बांधणारा तिथला एक माणूस नांदेडजवळच्या मातीच्या मैदानावरच्या शर्यतीला येणार होता. फोनवर एवढंच बोलला, "दहा फेऱ्या पूर्ण कर, कामावर घेतो."

गाडी भंगारातली. गाडी उलटली तर जीव वाचवणारा आतला पिंजरा कोरड्या पडलेल्या बोअरच्या पाइपांचा. वरून जयंतीच्या कमानीचा उरलेला निळा रंग मारला. इंजिनात पेट्रोल सोडणारे कार्बोरेटरचे जेट बदलून बदलून बोटांची सालटं निघाली, पण शेवटी इंजिन असं सुरात आलं की मी एकट्यानंच टाळ्या पिटल्या. रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवायला घालतात ते कूलंट परवडत नव्हतं. बोअरचं पाणी तर इतकं खारं की चहातलं दूध फाटायचं. म्हणून टँकरच्या गोड्या पाण्याचा एक कॅन मी गाडीसाठी बाजूला काढायचो. त्यावर लाल रंगानं लिहिलं होतं, 'हात लावू नये'. एकदा आईनं त्यातलं तांब्याभर घेतलं तर मी सारं घर डोक्यावर घेतलं. काय काय बोललो, सांगायची लाज वाटते.

दीड महिना रोज गाडी पळवायचो, रोज उकळून उडालेलं पाणी कॅनमधून भरायचो. शेवटच्या आठवड्यात तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मी इंजिनाचं टायमिंग बदललं, पंख्याचा पट्टा ताणला, साऱ्या जगाला शिव्या घातल्या. पाण्यावर शंकाच आली नाही. ते तर गोडं होतं!

नांदेडला सहाव्या फेरीत वाफेचा लोट उठला आणि इंजिन जागीच जाम झालं. पुण्याचा माणूस जवळ आला, वाफेकडं बघितलं आणि "बघू पुढच्या वेळी" म्हणून निघून गेला. डोंबलाची पुढची वेळ! दुसरं इंजिन आणायची माझी ऐपत नव्हती.

गाडी घरी आणून अंगणात रेडिएटर कापला. आतल्या नळ्या पांढऱ्या क्षारानं गच्च भरलेल्या. कॅनमधलं पाणी जिभेवर घेतलं आणि थुंकलो. "कुणी केलं हे?" मी ओरडलो.

"मी केलं," आई दारातून म्हणाली. "डाक्टरनं तुझ्या बाबाला बोअरचं पाणी बंद केलं. घरातलं गोडं पुरंना. तुझ्या कॅनातलं त्यांना देत होते, अन् त्यात बोअरचं भरून ठेवत होते."

"मग मला सांगायचं न्हाई का गं?"

"तांब्याभर घेतलं तवा तू काय बोलला, आठवतंय का?"

आठवत होतं. 'तहानेनं मेलात तरी याला हात लावायचा न्हाई,' असं बोललो होतो.

आत खाटेवरून बाबांचा आवाज आला, "मला म्हाईत नव्हतं रे. म्हाईत असतं तर प्यालोच नसतो."