कुलुपाआडचा श्वास

करुणा दुरूनही करता येते; सन्निधीला मात्र धैर्य लागते. ज्याच्यापासून आप्तही तोंड फिरवतात, त्याच्या मुखाशी आपले मुख नेणे ही करुणेची परिसीमा होय. गुजरातेतल्या काठियावाडात रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या रंभाबेन यांच्या ठायी ती काशीबेनने प्रत्यक्ष पाहिली.

त्या दिवशी काशीबेनच्या मुलीची सोयरीक ठरायची होती. व्याही फार उशिरा आले. पाहुण्यांआधी यजमानाने जेवायचे नाही, म्हणून तिचे पती वालजीभाई इन्सुलिनचे इंजेक्शन घेऊनही उपाशीच राहिले. व्याही बसतात न बसतात तोच ते घामाने निथळले, झोकांड्या खात बरळू लागले. धाकट्या दिराने, घेलाभाईने, त्यांना मागच्या खोलीत नेऊन कुलूप घातले. दारूबंदीच्या मुलखात प्यालेला बाप म्हणजे मोडलेली सोयरीक! परंतु नवऱ्याने आयुष्यात थेंबही चाखला नव्हता, हे काशीबेन जाणून होती. तिने गुपचूप रुग्णवाहिकेला फोन केला.

गाडी आली, तसा घेलाभाई उंबऱ्यात आडवा झाला. "परत जा, बेन. इथे कोणी आजारी नाही."

"बरं, भाई. पाणी तरी पाजाल? की काठियावाडात आता माठालाही कुलूप लावतात?"

व्याह्यांदेखत त्याला बाजूला सरावे लागले. रंभाबेन आत आल्या. काशीबेनने मागच्या दाराकडे बोट दाखवले.

"किल्ली," रंभाबेन घेलाभाईला म्हणाल्या.

"बेन, अब्रूचा प्रश्न आहे. प्यालाय तो!"

"अब्रूचं मी बघते. तू किल्ली दे."

कुलूप निघाले. आत वालजीभाई निश्चेष्ट पडले होते. रंभाबेन यांनी गुडघे टेकले, त्यांच्या ओठांशी नाक नेले; मग बोटाला टोचून रक्तातली साखर पाहिली. "दारू नाही रे, वेड्या. साखर पार तळाला गेलीय."

घेलाभाई धावत साखरपाणी घेऊन आला. रंभाबेन यांनी त्याचा हात धरला. "शुद्ध नाही त्यांना. छातीत जाईल ते." वालजीभाईंना कुशीवर वळवून त्यांनी शीर शोधली आणि ग्लुकोज सावकाश सोडले.

अमृतमंथनाची कथा काशीबेनने अनेकदा ऐकली होती. पण अमृत नळीतून उतरताना तिने आजच पाहिले. राखेसारख्या चेहऱ्यावर रक्त चढले. पापण्या थरथरल्या. वालजीभाईंनी डोळे उघडून क्षीण स्वरात विचारले, "व्याही जेवले का?"

काशीबेन रंभाबेन यांच्या पायांशी वाकली. "माझ्या कसल्या पाया पडतेस? ह्यांना आधी घासभर खाऊ घाल," रंभाबेन म्हणाल्या, "आणि दवाखान्यात न्यायचंच आहे हं, सुटका नाही."

स्ट्रेचरचा एक दांडा थोरल्या व्याह्यांनी स्वतः धरला.

रंभाबेन आता हयात नाहीत. त्या गावात झोकांड्या खाणाऱ्याला आता कोणी कोंडून ठेवत नाही, गाडी बोलावतात.