पाच वर्षांची सरळ रेघ

हे मी घरात कुणालाच बोललेले नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट ठरवलेलं नाही – आणि मी तर भाजी आणायलासुद्धा यादी केल्याशिवाय निघत नाही.

जालन्यात मी लोकांच्या शेअर-गुंतवणुकीचं काम बघते. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला – "मॅडम, हे किती वरखाली होतं?" मी उलट विचारते, "किती दिवसांत?" मग मोबाइलवर त्याला एकच शेअर दोनदा दाखवते. एका दिवसाचं बटण दाबलं की रेघ करवतीच्या दात्यांसारखी. पाच वर्षांचं दाबलं की तोच शेअर शांत, रेघ जवळजवळ सरळ. खोटं दोन्हींत काही नाही. किती काळातली हालचाल मोजता, एवढंच.

हे शहाणपण मी माझ्या बहिणीवर वापरलं.

अक्का जाफराबादला असते. दाजी गेले तेव्हा त्यांच्याकडे एका बियाणे कंपनीचे थोडे शेअर निघाले. ते तिच्या नावावर मीच करून दिले, मोबाइलवर बघायलाही मीच शिकवलं. इंग्रजी बटणं तिला कळत नाहीत. ती नुसती रेघ बघायची. दाजींचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं – त्या शेअरलाही ती "हे"च म्हणू लागली. बाजार बंद झाला की रोज चारला तिचा फोन.

"सुमे, सकाळी लई चिडले होते बघ. दुपारून आले बराबर जाग्यावर."

"कोण गं?"

"हेच की! अजून कोण?" आणि हसायची.

दाजी होतेच तसे. सकाळी चहा गार झाला म्हणून आदळआपट, दुपारी आपल्या ताटातली लोणच्याची फोड गुपचूप तिच्या ताटात. उभ्या संसाराचा हिशेब मांडला तर शांतच माणूस. पण अक्कानं संसार केला तो रोजच्या माणसाशी – नाही का?

चारला माझी घाईची वेळ. यादीतली कामं उरलेली आणि हिचा फोन. तिची काळजी वाटत होती, असं म्हणता येईल मला. पण नव्हती वाटत. कंटाळा येत होता.

एकदा तिच्याकडे गेले होते. ती आत चहा ठेवत होती. मी तिचा मोबाइल घेतला आणि उघडला की पाच वर्षांची रेघ दिसेल, असं करून ठेवलं. किती वेळ लागला असेल? दूध उतू जायलाही जास्त लागतो.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"सुमे, हे हलूनच न्हाई राह्यले गं."

"कंपनीनं बदललंय, अक्का. आता असंच दिसणार."

"बिलकुल न्हाई हलणार?"

"नाही."

मग ती हळूच म्हणाली, "मंग निजू दे त्यांना."

त्यानंतर चारचा फोन आला नाही. माझी यादी वेळेत पुरी व्हायला लागली.

मागच्या दिवाळीत दोन दिवस तिच्याकडे राहिले. देवापुढे दिवा लावला की ती अजूनही मोबाइल उघडते. रेघ बघते आणि बंद करते – निजलेल्या माणसाच्या खोलीत डोकावून दार अलगद लोटावं, तसं. मी शेजारीच बसले होते. एकदा बोट लावायचं होतं, बस्स. पण मग तिनं विचारलं असतं – हे आधी का न्हाई केलं? मी हात मांडीवरच ठेवला. सकाळी एसटीनं परत आले. निघताना तिनं माझ्या पिशवीत करंज्यांचा डबा घातला.

आजही तो शेअर सकाळी बराच पडला होता. दुपारी जागेवर आला. चार वाजता मी बघते, म्हणून मला ठाऊक. अक्काला वाटतं, ते निजलेत.