गुरुजींचे छापील शब्द

बाई यंत्रांशी बोलत. मिक्सर अडला की त्याच्यावर हात ठेवून म्हणत, "काऊन रुसला बाप्पा? दमला असशील त बस थोडा." पंखा असो, कुलूप असो, गॅसची शेगडी असो, त्यांनी कधी कशाला चापट मारली नाही. माझ्याकडे मिक्सर अडला की मी आधी त्याला थापड मारते आणि मग नवऱ्याला हाक मारते. बाईंची सारी नोकरी सोनाळ्यात पहिलीचा वर्ग सांभाळण्यात गेली. त्यामुळे पहिल्या दिवशी जे चालत नाही ते बिघडलेलं नसतं, घाबरलेलं असतं, असा त्यांचा पक्का समज होता. मीही त्याच वर्गातून निघाले. पुढे गावातच शिक्षिका झाले आणि त्यांच्या गल्लीत राहायला आले, पण त्यांच्या घरात पाऊल टाकलं की मी पुन्हा पहिलीत जायची.

त्यांचे यजमान म्हणजे हायस्कुलातले गुरुजी. बोलायला उभे राहिले की मागच्या बाकावरचा झोपलेला मुलगाही जागा व्हायचा, असा आवाज. लकवा झाला आणि तो आवाजच गेला. ऐकू यायचं, माणसं ओळखायचे, पण तोंडातून नुसता घोगरा सूर निघे. काही हवं असलं की ते तो सूर काढत आणि बाई एकेक वस्तू उचलून दाखवत, "हे पाह्यजे? हे?" कधी जमे. नाही जमलं की गुरुजी डोळे मिटून भिंतीकडे तोंड करत. ते भिंतीकडे वळणं बाईंना सोसत नसे.

एके सकाळी बाईंनी सवयीने पेपर त्यांच्यापुढे धरला. तालुक्यातल्या पाणीटंचाईची मोठी बातमी होती. गुरुजींनी चांगला हात उचलला आणि मथळ्यातल्या 'पाणी' या शब्दावर बोट ठेवलं. बाईंनी पेला दिला, ते घटाघटा प्यायले. बाई तशाच धावत माझ्या घरी आल्या. "वंदना, त्याईले वाचता येऊन राह्यलं," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या ओट्यावर बसून रडल्या.

त्या दिवसापासून घरात कात्री फिरू लागली. पेपरातून 'जेवण' निघालं, 'औषध' निघालं, 'बाहेर' निघालं. पण पेपरात माणसाच्या कामाचं फार थोडं छापून येतं. बाई वैतागून म्हणाल्या, "उपोषण रोज सापडते, पन 'पाठ खाजव' कुठी सापडन?" मी कोऱ्या कार्डावर मार्करने सुबक अक्षरात शब्द लिहून नेले. अक्षरासाठी माझी शाळेत ख्याती आहे. गुरुजींनी ती कार्डं क्षणभर पाहिली आणि बाजूला सारली. दोनदा केलं, दोनदा सारली. छापील अक्षर तेवढं त्यांच्या डोक्यात शिरत होतं, हातचं शिरत नव्हतं. असं का, ते अकोल्याच्या डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही.

मग छापून आणायचे, त्यात काय एवढं? मीही तेच म्हटलं. बसस्टँडवर झेरॉक्सचं दुकान होतं. पण छापायचे शब्द होते 'लघवी लागली', 'कूस बदलून दे', 'ओलं झालं'. बाई म्हणाल्या, "अर्धं गाव त्याईच्या पाया पडते. ते गाव दुकानात उभं राहून हे वाचन काय?" मी म्हटलं, शाळेच्या प्रिंटरवर मी एकटी छापून आणते, कोणी बघणार नाही. तर त्याला दुसरं उत्तर. "शाळेच्या शाईनं माहा संसार नाही चालवायचा." कागद माझा आणते म्हटलं. "अन् शाई? अन् करंट?" नोकरीभर खडूचा तुकडा घरी न नेलेल्या बाईशी कोण वाद घालणार? मला त्यांच्या तत्त्वांचा त्या दिवशी मनापासून राग आला. अजूनही येतो.

शेवटी हैदराबादच्या मुलाने, सुधीरने, प्रिंटर पाठवला. वायरशिवाय मोबाईलवरून चालणारा. माझ्या नवऱ्याने तो नांदुऱ्याहून एस.टी.त मांडीवर ठेवून आणला. घरात वायफाय नवीनच आलं होतं. केबलवाल्याने राऊटर बसवताना वायफायला नाव काय देऊ विचारलं, तेव्हा बाईंनी त्याच्याकडून मराठीत 'दामोदर गुरुजी' असं टाकून घेतलं होतं. गल्लीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर ते नाव दिसायचं. बाई म्हणायच्या, "त्याईचा आवाज गेला, पन नाव त घरोघरी जाऊन राह्यलं."

आणि प्रिंटर काही लागेना. त्याच्या इवल्या पडद्यावर शेजाऱ्यांच्या वायफायची नावं दिसत, बाईंचं दिसत नसे. मध्ये एका ओळीत नुसते चौकोन यायचे. मला वाटलं, पडदा खराब आहे. आम्ही प्रिंटर राऊटरच्या शेजारी नेला, देवळीत ठेवला, गुरुजींच्या खाटेखाली ठेवला. सुधीर फोनवरून सांगे, बंद करा, चालू करा, हे बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायचा आणि थांबायचा. मी तोंडातल्या तोंडात प्रिंटरला शिव्या घालायची आणि बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "नवीन हाय तो. गाव पाह्यलं नाही त्यानं." तिकडे खाटेवर गुरुजी सूर काढत आणि भिंतीकडे वळत. असे किती दिवस गेले ते मोजवत नाही.

अखेर सुधीरने व्हिडिओ कॉलवर ते चौकोन पाहिले आणि कपाळावर हात मारला. "आई, तेच आपलं वायफाय आहे. प्रिंटरला मराठी नाव वाचता येत नाही."

"मंग मराठी छापन कसं?"

"छापता येतं. वाचता येत नाही."

बाईंना ते लगेच कळलं. "असे माह्या वर्गात लई होते. फळ्यावरचं सारं उतरवून काढत, वाच म्हटलं की गप्प."

सुधीर म्हणाला, बाबांचंच नाव इंग्रजीत टाकतो. बाई नाही म्हणाल्या. गुरुजींनी जन्मभर मराठीत सही केली होती. मग म्हणाल्या, "माह्यं टाक. माह्यं इंग्रजीत मोडलं त चालते." संध्याकाळी गल्लीतल्या मोबाईलवरून गुरुजींचं नाव गेलं आणि प्रिंटरचा दिवा पहिल्यांदा स्थिर झाला. छापून पाहायला बाईंनी 'पंखा' हा शब्द निवडला. तो मोठा, ठळक, काळाभोर छापून आला. गुरुजींना झोप लागली होती. बाकीचे शब्द उद्या छापू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मोबाईल सांगू लागला, प्रिंटर ऑफलाइन आहे. बाई झोपण्याआधी मेन स्विचच बंद करत, कारण सातपुड्याकडून गडगडलं की टीव्ही जळतो, हा एकदाचा अनुभव. सकाळी त्या आधी प्रिंटर चालू करत आणि चहा झाल्यावर राऊटर. मी विचारलं, असं का? "पाहुन्याले आधी उठवावं, नाही त काय मालकाले?" राऊटर उठलेलाच नसे, म्हणून तो पाहुणा बिचारा नुसता शोधत बसे. आधी राऊटर, मग प्रिंटर, एवढं आमच्या ध्यानात येईपर्यंत गुरुजींना लकव्याचा दुसरा झटका आला आणि त्यांना अकोल्याला न्यावं लागलं.

ते घरी आले त्या दुपारी प्रिंटर एकदाही अडला नाही. बाईंनी मोबाईलवर एका बोटाने सगळे शब्द लिहिले. पानामागून पान निघालं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी ते शब्द चिकटवले, कडा कापल्या आणि पदराने हात पुसून खाटेजवळ गेल्या. गुरुजी सूर काढत होते. बाईंनी 'पाणी' त्यांच्या हातात दिलं.

गुरुजींनी कार्ड उलटं धरलं होतं. मी सरळ करायला हात पुढे केला, तर बाईंनी माझा हात धरला. ते कितीतरी वेळ त्या उलट्या अक्षरांकडे मन लावून बघत राहिले. मग कार्ड पांघरुणावर ठेवून पुन्हा तोच सूर. बाईंनी पाणी दिलं, त्यांनी ओठ मिटले. बाईंनी दुसरं कार्ड दाखवलं, तिसरं दाखवलं, प्रत्येक मोठ्याने वाचून दाखवलं. पाठ खाजवली. कूस बदलली. पंखा बंद केला, लावला. कार्डं संपली, सूर संपला नाही. ते कशासाठी तरी विनवत होते आणि आम्ही दोघी मास्तरणी त्यांच्यासमोर ढ मुलींसारख्या उभ्या होतो. मग ते भिंतीकडे वळले.

पुढच्या पंधरवड्यात गुरुजी गेले. सुधीर बाईंना हैदराबादला घेऊन गेला आणि वर्षाच्या आत त्याही तिकडेच वारल्या. त्यांचा शेवटचा फोन आला तेव्हा गावातलं सगळं विचारून झालं, शाळेचं झालं, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वंदना, त्या दिवशी ते काय मांगत असतील वो?"

दर फोनला हेच विचारत. काय सांगणार? मी म्हटलं, "पाणीच असेल, बाई."

"पानी त मी देलं होतं," बाई म्हणाल्या.